टर्बाइन ट्रिप झाल्यावर कोणत्या घड्याळावर विश्वास ठेवावा?

प्रश्न असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात मध्यरात्रीनंतर टर्बाइन ट्रिप झाले, म्हणजे आपोआप बंद पडले. जनरेटरच्या संरक्षण रिलेची (बिघाड दिसताच ब्रेकर उघडणारे उपकरण), बॉयलरच्या डीसीएसची (संगणकीय नियंत्रण प्रणाली) आणि मिल हाउसच्या पीएलसीची (यंत्रे चालवणारा औद्योगिक नियंत्रक) अशा तीन घटनायाद्या काढल्या, तर त्यांच्या वेळा एकमेकींशी जुळेनात. इलेक्ट्रिकल विभाग म्हणतो की बॉयलरला पाणी देणारा फीड पंप आधी गेला; बॉयलर विभाग म्हणतो की ग्रिडशी जोडणारा ब्रेकर आधी उघडला. पुरवठादाराने सर्व कारखान्यात पीटीपीचे (नेटवर्कवरून अतिसूक्ष्म वेळ पोहोचवण्याच्या पद्धतीचे) नेटवर्क स्विच बसवण्याचा प्रस्ताव दिला आहे, तर संगणक विभागाच्या मते इंटरनेटवरून वेळ घेतली की काम भागते. यापैकी काय करावे, असे इन्स्ट्रुमेंट विभागातील अभियंत्यांनी विचारले आहे.

माझे मत आधी सांगतो. पीटीपीची गरज नाही, आणि नियंत्रण प्रणालीची वेळ इंटरनेटवरून घेऊ नये. कंट्रोल रूमच्या छतावर उपग्रहाची अँटेना असलेला एक चांगला टाइम सर्व्हर, त्यातून संगणकांना एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) आणि रिलेंना आयरिग-बी (वेगळ्या तारेवरून येणारा वेळेचा संकेत), एवढी व्यवस्था आपल्या कारखान्याला पुरेशी आहे. मात्र ही खरेदी करण्यापूर्वी प्रत्येक यादीत वेळेचा शिक्का कोणते उपकरण मारते आणि घटना घडल्यानंतर किती उशिरा मारते, हे तपासावे लागेल. ते न तपासता घड्याळे जुळवली, तर पुढच्या ट्रिपच्या वेळी तीनही याद्यांतील घड्याळे अचूक असतील आणि घटनांचा क्रम तरीही चुकीचा निघेल.

आता आपण पाठवलेल्या याद्यांकडे वळतो, कारण सध्याचा वाद नवीन काहीही न बसवता त्यांच्यातूनच सुटतो. रिलेच्या यादीत ग्रिडचा ब्रेकर ०२:१४:०७.३१२ वाजता आणि जनरेटरचा ब्रेकर ०२:१४:०८.९०५ वाजता उघडल्याची नोंद आहे. डीसीएसच्या यादीत फीड पंप ०२:१३:५१ वाजता बंद पडला आहे. या दोन ओळी शेजारी ठेवल्या की पंप सोळा-सतरा सेकंद आधी गेला असे दिसते, आणि इलेक्ट्रिकल विभागाने नेमके तेवढेच पाहिले. परंतु डीसीएसच्या त्याच पानावर, दोन ओळी वर, जनरेटर ब्रेकरच्या सहायक संपर्काची (ब्रेकर उघडल्याचे कळवणाऱ्या) नोंद आहे आणि तिची वेळ ०२:१३:५० अशी आहे. ब्रेकर एकच, उघडला एकदाच. रिलेच्या घड्याळात ०८.९०५ आणि डीसीएसच्या घड्याळात ५० सेकंद, म्हणजे डीसीएसचे घड्याळ रिलेच्या तुलनेत सुमारे १९ सेकंद मागे आहे. फीड पंपाच्या नोंदीत हे १९ सेकंद मिळवले की ती ०२:१४:१० च्या आसपास येते, म्हणजे दोन्ही ब्रेकर उघडल्यानंतर. ग्रिड गेल्यावर जनरेटर एकटा पडला, टर्बाइनचा वेग नियंत्रित करणाऱ्या गव्हर्नरला भार सांभाळता आला नाही, जनरेटरचा ब्रेकर उघडला, बसवरील (वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीवरील) विद्युतदाब गेला आणि पंपाची मोटर बंद पडली, असा हा क्रम आहे. बॉयलर विभागाचे म्हणणे बरोबर आहे.

डीसीएसच्या नोंदी सेकंदापर्यंतच्याच आहेत, म्हणून या १९ सेकंदांत एक सेकंद इकडे किंवा तिकडे धरावा लागेल. तेवढ्याने निष्कर्ष बदलत नाही, कारण एकाच डीसीएसच्या यादीतही ब्रेकर आधी आणि पंप नंतर आहे. दोन घटना एकाच उपकरणाने पाहिल्या असतील, तर त्यांच्या क्रमासाठी बाहेरच्या घड्याळाची गरज लागत नाही. फक्त त्यांच्यातील अंतर त्या उपकरणाच्या स्कॅनपेक्षा (इनपुट वाचण्याच्या एका फेरीपेक्षा) जास्त असावे लागते.

मिल हाउसच्या यादीत मिलची मोटर चालवणारा ड्राइव्ह ट्रिप झाल्याची वेळ ०२:१६:२२ आहे. तेथे ब्रेकरचा संपर्क जोडलेलाच नाही, त्यामुळे थेट तुलना करता येत नाही. परंतु बस मृत झाल्यावर ड्राइव्ह दोन मिनिटे चालू राहणे शक्य नाही, म्हणून मिलच्या संगणकाचे घड्याळ सुमारे २ मिनिटे १३ सेकंद पुढे आहे असे समजण्यास हरकत नाही. हा आकडा ब्रेकरवरून काढलेल्या आकड्याइतका भक्कम नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

मिलच्या यादीत खरी अडचण निराळी आहे. आपण लिहिले आहे की पीएलसीतील अलार्मचे बिट एचएमआय संगणक (ऑपरेटरच्या पडद्याचा) मॉडबस या संवादपद्धतीवरून दर दोन सेकंदांनी वाचतो आणि वेळ त्या संगणकाची लागते. पत्र लिहिले कधी याचा उल्लेख नसावा आणि पाकिटावर फक्त पोहोचल्याचा शिक्का असावा, तसे हे आहे. दोन सेकंदांच्या खिडकीत पाच अलार्म आले, तर पाचही एकाच वेळेने नोंदले जातात, आणि त्यांचा यादीतील क्रम बहुधा रजिस्टरच्या क्रमांकावरून ठरतो. पहिल्या क्रमांकाचा अलार्म नेहमी आधी दिसतो, मग तो खरोखर आधी आलेला असो वा नसो. या संगणकाला उपग्रहावरून मायक्रोसेकंदापर्यंत अचूक वेळ दिली, तरी ही दोन सेकंदांची अनिश्चितता रतीभर कमी होणार नाही.

म्हणून पहिले काम कागदावरचे आहे. प्रत्येक महत्त्वाच्या सिग्नलसमोर लिहावे की शिक्का रिलेत लागतो, डीसीएसच्या इनपुट कार्डावर लागतो, कंट्रोलरच्या स्कॅनमध्ये लागतो की ऑपरेटर स्टेशनवर. रिलेत लागत असेल, तर सुमारे एक मिलिसेकंदापर्यंत विश्वास ठेवता येतो. डीसीएसला घटनाक्रम नोंदवणारे वेगळे इनपुट कार्ड असेल, तर तेही साधारण एक मिलिसेकंदाचे असते. साध्या कार्डाच्या बाबतीत मात्र कार्डाचा फिल्टर आणि कंट्रोलरचा स्कॅन मिळून होणारा उशीर धरावा लागतो, आणि बॉयलरच्या लूपसाठी हा स्कॅन अनेकदा शंभर मिलिसेकंदांपासून एका सेकंदापर्यंत ठेवलेला असतो. ऑपरेटर स्टेशनवर लागणाऱ्या शिक्क्याबद्दल वर लिहिलेच आहे.

त्याच कागदावर दुसरा रकाना असावा: या घटनेसाठी किती अचूकता हवी? बॉयलरच्या ड्रममधील पाण्याची पातळी सेकंदांत बदलते, तेथे अर्ध्या सेकंदाने काही बिघडत नाही. ब्रेकर उघडायला ५० हर्ट्झवर दोन ते पाच सायकल, म्हणजे ४० ते १०० मिलिसेकंद लागतात. संरक्षण रिलेंमध्ये कोणता घटक आधी चालला हे पाहायचे असेल, तर एक-दोन मिलिसेकंदांची अचूकता लागते. यापेक्षा बारीक वेळेची गरज असलेले काम आपल्या कारखान्यात मला दिसत नाही. फेजर, म्हणजे व्होल्टेज-करंटचा कोन, मोजणाऱ्या उपकरणांना ती लागते, कारण ५० हर्ट्झवर एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ०.०१८ अंश; सबस्टेशनमध्ये करंट आणि व्होल्टेजचे नमुने नेटवर्कवरून पाठवले जात असतील, तर तेथेही लागते. पीटीपी, म्हणजे आयईईई १५८८ हे मानक, २००२ मध्ये अशाच कामांसाठी आले आणि २००८ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्यात वेळेचा शिक्का नेटवर्क कार्डाच्या हार्डवेअरमध्ये लागतो, म्हणून मायक्रोसेकंदाच्या आतली अचूकता मिळते. पण त्यासाठी वाटेतील प्रत्येक स्विचला स्वतःचा विलंब मोजता आला पाहिजे आणि शेवटच्या उपकरणालाही पीटीपी कळले पाहिजे. आपल्या मिलच्या पीएलसीला ते कळत नाही. मग महागडे स्विच बसवून शेवटच्या टप्प्यावर पुन्हा दोन सेकंदांचे मॉडबसच राहणार असेल, तर तो खर्च कशासाठी? पुढे सबस्टेशनचे नूतनीकरण निघाले, तर त्या एका भागापुरता विचार करता येईल.

घड्याळे मुळात का हलतात, हेही थोडे सांगतो, कारण कारखान्याच्या बाबतीत त्याचा संबंध गळीत हंगामाशी आहे. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ सीआर-२०३२ या छोट्या सेलवर आणि ३२,७६८ हर्ट्झच्या क्वार्ट्झ स्फटिकावर चालते. संगणक चालू असताना ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या स्फटिकावरून वेळ मोजते. दोन्हींत दशलक्षात वीस भागांची चूक सहज असते, म्हणजे दिवसाला १.७ सेकंद आणि आठवड्याला बारा सेकंद. छोटा स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत खरा चालतो आणि त्यापेक्षा तापला किंवा थंड झाला तरी मागेच पडतो. बंद पॅनेलमध्ये ४५ अंश तापमान असेल, तर केवळ उष्णतेमुळे दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास फरक पडतो. हंगाम संपल्यावर ज्या पॅनेलचा पुरवठा सात महिने बंद ठेवला जातो, तेथे दशलक्षात वीस भागांच्या हिशेबाने मोळी पडेपर्यंत, म्हणजे नवा हंगाम सुरू होईपर्यंत, सहा मिनिटे सहज जमतात. सेल संपला असेल, तर संगणक उठतो तोच कुठल्या तरी जुन्या वर्षात. डीसीएसच्या सर्व स्टेशनांचे आणि पीएलसींचे सेल ऑफ-सीझनच्या देखभालीच्या यादीत घालावेत आणि बॉयलरच्या अग्निप्रदीपनापूर्वी सर्व घड्याळे तपासण्याची नोंद ठेवावी. माझ्या पाहण्यात नोव्हेंबरमध्ये निघालेल्या वेळेच्या तक्रारींपैकी बऱ्याच येथेच मिटतात.

एनटीपीचे काम कसे चालते ते समजले की इंटरनेटला विरोध का, हेही कळेल. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत संगणक सर्व्हरला वेळ विचारतो आणि चार वेळा टिपल्या जातात: प्रश्न निघाला, पोहोचला, उत्तर निघाले, पोहोचले. जाण्याचा आणि येण्याचा विलंब सारखाच आहे, असे गृहीत धरून फरक काढला जातो. कारखान्याच्या अंतर्गत नेटवर्कवर हे गृहीतक खरे ठरते आणि मिलिसेकंदाच्या आसपास वेळ जुळते. इंटरनेटवर तसे होईलच असे नाही. समजा, जाताना ६० मिलिसेकंद आणि येताना २० लागले. मग वेळेत या फरकाच्या निम्मी, म्हणजे २० मिलिसेकंदांची चूक राहील, आणि ती चूक एनटीपीला दिसणार नाही. ग्रिडचे एक पूर्ण सायकल तेवढ्यात होते. याशिवाय ऊस वाहतुकीच्या रस्त्यावर कुणी केबल तोडली की कंट्रोल रूमची वेळ बंद पडणे, आणि वेळेसाठी फायरवॉलमध्ये बाहेरची वाट उघडी ठेवणे, हे दोन्ही टाळण्यासारखे आहे. एनटीपीच्या साध्या पाकिटांवर सही-शिक्का नसतो. खोटी वेळ पाठवणाऱ्याला ती पाठवता येते.

संगणक विभागाच्या म्हणण्यातही तथ्य आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडल्या गेलेल्या सर्व्हरशी, जुळवायची आहेत. कार्यालयाचे संगणक, वजनकाटा आणि ऊस बिलांची प्रणाली यांनी एनआयसीची वेळ घ्यावी. नियंत्रण नेटवर्क आणि कार्यालय यांच्या मधल्या सुरक्षित भागात एक एनटीपी सर्व्हर ठेवावा, त्याने एनआयसीची वेळ आणि छतावरील अँटेनाची वेळ यांची सतत तुलना करावी आणि फरक नोंदवावा. कंट्रोल नेटवर्क मात्र अँटेनाच्या वेळेवरच चालावे. अशा रीतीने वेळेचा मागही राहतो आणि बाहेरची वाट थेट कंट्रोलरपर्यंत जात नाही.

टाइम सर्व्हर घेताना जीपीएसबरोबर भारताची नाविक किंवा दुसरी उपग्रह प्रणाली वापरणारा घ्यावा, आणि आतील दोलक (वेळ मोजणारा ऑसिलेटर) कोणता आहे ते विचारावे. अँटेना तुटली तर साधा दोलक काही तासांतच मिलिसेकंदाबाहेर जातो. उष्णता-नियंत्रित चांगला दोलक किमान दिवसभर सांभाळतो, आणि पावसाळी रात्री छतावर माणूस पाठवण्यापेक्षा सकाळपर्यंत थांबता येणे मोलाचे आहे. अँटेनाला आकाश मोकळे हवे, पण ती सर्वांत उंच जागी नसावी. तडितरक्षकाच्या छत्राखाली आणि चिमणीपासून दूर बसवावी. केबल इमारतीत शिरते तेथे सर्ज अरेस्टर लावून त्याचे अर्थिंग करावे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसाबरोबर विजा येतात तेव्हा कारखाना बंद असतो, आणि अँटेना जळाल्याचे हंगामाच्या तोंडावर कळते. बगॅसची (उसाच्या चिपाडाची) भुकटी बसणार नाही असा घुमटाकार आकार निवडावा.

कोणी स्वस्तात जुना सर्व्हर देऊ केला, तर सावध राहावे. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीअंक दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो आणि एप्रिल २०१९ मध्ये तो दुसऱ्यांदा शून्यावर आला. जुने सॉफ्टवेअर असलेले काही रिसीव्हर त्यानंतर सुमारे एकोणीस वर्षे सात महिने मागची तारीख देऊ लागले. शिवाय जीपीएसची स्वतःची वेळ आणि जागतिक वेळ यांत १ जानेवारी २०१७ पासून १८ सेकंदांचा फरक आहे. हा फरक उपग्रहाच्या संदेशातून मिळतो आणि पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटे लागतात. दीर्घकाळ बंद असलेला रिसीव्हर चालू केल्यावर तोपर्यंत काही सेकंदांनी चुकलेली वेळ देऊ शकतो, म्हणून तो उपग्रह पकडल्याचा दिवा लागताच जुळवाजुळव सुरू करू नये. अर्धा तास जाऊ द्यावा.

रिलेंना आयरिग-बी द्यावी, असे मी म्हटले. ती वेगळ्या तारेवरून दर सेकंदाला एक चौकट पाठवते, नेटवर्कच्या गर्दीशी तिचा संबंध नसतो आणि बहुतेक संरक्षण रिलेंना तिचे इनपुट असते. येथे सर्वाधिक होणारी चूक साडेपाच तासांची आहे. सर्व्हर भारतीय वेळ पाठवत असतो आणि रिलेतही टाइम झोन ५:३० ठेवलेला असतो. मग रात्री दोनची घटना सकाळी साडेसातला नोंदली जाते. काही जुन्या उपकरणांत अर्ध्या तासाचा फरक भरताच येत नाही, पूर्ण तासच भरता येतात. अशा उपकरणाला सर्व्हरच्या वेगळ्या आउटपुटवरून तयार भारतीय वेळ द्यावी आणि त्याचा झोन शून्य ठेवावा. उन्हाळी वेळेची सोय सर्वत्र बंद करावी.

डीसीएसच्या संगणकांबाबत एक पथ्य कडकपणे पाळावे. डीसीएसच्या सॉफ्टवेअरची स्वतःची वेळ जुळवण्याची यंत्रणा असते. एक स्टेशन मुख्य असते आणि बाकीची त्याच्यामागे चालतात. टाइम सर्व्हरची वेळ केवळ त्या मुख्य स्टेशनला द्यावी, तीही निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मार्गाने. हौशीने प्रत्येक स्टेशनवर आणखी एक एनटीपी प्रोग्राम बसवला की दोन यंत्रणा एकच घड्याळ दोन बाजूंना ओढतात, आणि ट्रेंडमध्ये करवतीसारखे दाते दिसू लागतात. आभासी संगणक असतील, तर तेथेही यजमान संगणकाकडून वेळ घेण्याची सोय आणि एनटीपी यांपैकी एकच चालू ठेवावे. डोमेनमध्ये (केंद्रीय लॉग-इन व्यवस्थेत) नसलेल्या विंडोज संगणकाची जुन्या आवृत्त्यांतील मूळ मांडणी आठवड्यातून एकदाच वेळ विचारण्याची होती. मिलच्या एचएमआयवर ती तशीच असावी, असा माझा अंदाज आहे. डोमेन असेल, तर घड्याळ पाच मिनिटांपेक्षा जास्त भरकटल्यावर लॉग-इनच नाकारले जाऊ शकते, आणि ऑपरेटर पासवर्ड चुकला असे समजून बसतो.

चालू कारखान्यात घड्याळ एकदम सरकवू नये. मिलचे घड्याळ सव्वादोन मिनिटे पुढे आहे. ते मागे आणले, तर ती दोन मिनिटे इतिहासात दोनदा येतील, काही हिस्टोरियन (नोंदी साठवणारी सॉफ्टवेअर) दुसऱ्या खेपेच्या नोंदी टाकून देतील, आणि वेळेवर आधारलेली रसाच्या प्रवाहाची किंवा विजेची बेरीज बिघडेल. एनटीपीच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये घड्याळाची गती हळूहळू बदलून फरक भरून काढण्याची सोय आहे. तिची मर्यादा सेकंदाला अर्धा मिलिसेकंद. या गतीने एक सेकंद भरायला तेहतीस मिनिटे आणि आपले १३३ सेकंद भरायला तीन दिवस दोन तास लागतील. त्यापेक्षा पुढील क्लीनिंगच्या बंदात, गव्हाण थांबलेली असताना, एकदाच घड्याळ लावावे आणि त्यानंतर एनटीपीवर सोडावे.

मिलच्या पीएलसीसाठी जुना पण भरवशाचा उपाय आहे. टाइम सर्व्हरमधून दर मिनिटाच्या शून्य सेकंदाला एक पल्स घेऊन ती तारेने पीएलसीच्या डिजिटल इनपुटवर आणावी; पल्स आली की पीएलसीने आपले घड्याळ जवळच्या मिनिटाला लावावे. घड्याळ अर्ध्या मिनिटापेक्षा कमी चुकलेले असेल तोवर हे चालते, आणि अचूकता इनपुट फिल्टर व स्कॅन यांच्या बेरजेइतकी मिळते, म्हणजे साधारण काही दहा मिलिसेकंद. त्याबरोबर ट्रिपचे दहा-बारा सिग्नल पीएलसीच्या आतच वेळेसह एका छोट्या रांगेत साठवावेत आणि एचएमआयने ती रांग सवडीने वाचावी. मग वाचन दोन सेकंदांनी झाले तरी शिक्का घटनेच्या जागी लागलेला असतो. सर्वांत आधी कोणता सिग्नल आला हे पकडून ठेवणारे फर्स्ट-आउटचे लॉजिकही त्यातच लिहावे. त्याला घड्याळच लागत नाही. हे सर्व पीएलसीच्या प्रोग्रामचे काम आहे, नवे हार्डवेअर जवळजवळ नाही.

वीज निर्यातीच्या मीटरच्या घड्याळाला हात लावू नये. त्यावर वीज कंपनीचे सील असते आणि हिशेब पंधरा मिनिटांच्या ९६ खंडांत होतो. मीटर एक मिनिट चुकला, तर एका खंडाचा पंधरावा हिस्सा शेजारच्या खंडात जातो, म्हणून आपल्या घड्याळाशी असलेला त्याचा फरक दर महिन्याला लिहून ठेवावा आणि वाढू लागल्यास लेखी कळवावे.

दुसरा टाइम सर्व्हर घ्यावा का, हा प्रश्न पुढे नक्की येईल. दोन सर्व्हरांच्या वेळा वेगळ्या निघाल्या, तर कोणता खरा हे संगणकाला ठरवता येत नाही. चुकणारा ओळखायला किमान तीन लागतात. आपल्या आकाराच्या कारखान्याने एक चांगला सर्व्हर घ्यावा, तो बंद पडल्यास डीसीएसचे मुख्य स्टेशन आपल्या वेळेवर बाकीच्यांना एकत्र ठेवील अशी मांडणी करावी, आणि उरलेले पैसे देखरेखीवर घालावेत. खऱ्या वेळेपासून सगळे मिळून अर्धा सेकंद हलले तरी क्रम टिकतो; एकेकटे हलले की टिकत नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडात झालेल्या मोठ्या वीजबंदनंतर तपास करणाऱ्यांना नोंदींच्या वेळा एकमेकींशी जुळवण्यातच बराच काळ घालवावा लागला होता, कारण अनेक नोंदयंत्रे सामायिक वेळेशी जोडलेली नव्हती.

देखरेख म्हणजे दोन गोष्टी. उपग्रहाचा संकेत सुटल्याचे कळवणारा सर्व्हरचा संपर्क आणि प्रत्येक स्टेशनचा वेळेतील फरक डीसीएसमध्ये अलार्म म्हणून आणावा. ५० मिलिसेकंदांवर इशारा ठेवल्यास उगाच अलार्म वाजत नाहीत. दुसरी गोष्ट चाचणीची, आणि मी तिला अधिक महत्त्व देतो. कंट्रोल रूमच्या पॅनेलवर एक दाबबटण बसवावे, त्यावरून एक सहायक रिले चालवावी आणि तिचे वेगवेगळे संपर्क संरक्षण रिले, डीसीएस आणि मिलच्या पीएलसीच्या एकेका रिकाम्या इनपुटला जोडावेत. बटण दाबले की एकच घटना सर्व याद्यांत येते. त्या याद्या शेजारी ठेवल्या की घड्याळ, फिल्टर, स्कॅन आणि वाचनाचा उशीर हे सगळे मिळून किती फरक आहे ते एका ओळीत दिसते. सर्व्हरच्या पडद्यावर हिरवा दिवा असतानाही या चाचणीत साडेपाच तासांचा फरक निघालेला मी पाहिला आहे.

ही चाचणी महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या बदलानंतर घ्यावी. संरक्षण रिलेंच्या आपसांतील फरक दोन-तीन मिलिसेकंदांपेक्षा जास्त असेल, तर आयरिग-बीची तार आणि रिलेच्या इनपुटचा फिल्टर पाहावा. डीसीएसमध्ये एका स्कॅनपेक्षा जास्त फरक निघाल्यास मुख्य स्टेशनपासून शोध सुरू करावा. मिलच्या पीएलसीत वर सांगितलेली रांग लिहून होईपर्यंत दोन सेकंदांपर्यंतचा फरक मान्य करावा, आणि तोवर त्या यादीच्या प्रत्येक छापील पानाच्या माथ्यावर ‘वेळेची अचूकता: दोन सेकंद, क्रम ग्राह्य धरू नये’ अशी ओळ आपोआप येईल, एवढा बदल एचएमआयच्या रिपोर्टमध्ये याच आठवड्यात करून घ्यावा.